पंधरा लाखांची ऑफर आणि व्हाइटफील्डचं भाडं

ताई, नमस्कार.
मी कोल्हापूरचा, वय ३४. शिरोली एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर आहे. पॅकेज साडेसात लाखांचं, हातात ५४ हजार येतात. बायको इंग्रजी माध्यमाच्या एका खासगी शाळेत शिकवते, तिला २२ हजार मिळतात. मुलगी दुसरीत आहे. घर वडिलांचं असल्यामुळे भाडं नाही आणि महिन्याला साधारण ३५ हजार शिल्लक पडतात. आता बंगळूरच्या एका कंपनीने १५ लाखांची ऑफर दिली आहे, ऑफिस व्हाइटफील्डला. पंधरा दिवसांत हो किंवा नाही कळवायचंय. सासरे म्हणतात, दुप्पट पगार सोडणारा माणूस वेडाच म्हणायचा. आई काही बोलत नाही, पण जेवताना गप्प गप्प असते. इंटरनेटवर भाडी बघायला बसलो तर २० हजारांपासून ६० हजारांपर्यंत काहीही दिसतं. नेमकं काय काय बघून ठरवायचं?
– एक वाचक, कोल्हापूर

नमस्कार.

सासऱ्यांचं म्हणणं आधी निकालात काढू. दुप्पट होणार आहे तो तुमचा एकट्याचा पगार. बिऱ्हाड हलणार आहे ते तिघांचं, आणि त्या बिऱ्हाडात आज दोन पगार येतात. बायको नोकरी सोडून तुमच्याबरोबर निघाली की तिचे २२ हजार त्याच दिवशी थांबणार. शिवाय आज वडिलांच्या घरात राहून तुमचं जे भाडं वाचतंय, तोही एक पगारच आहे; तो फक्त बँकेत दिसत नाही. तुमच्या पत्रात या दोन्ही गोष्टी आहेत, पण तुम्ही त्या १५ लाखांच्या समोर मांडलेल्या नाहीत. त्या मांडूनच सुरुवात करू.

ऑफर लेटरवरचे १५ लाख म्हणजे सीटीसी, कंपनीला तुम्ही वर्षाला किती रुपयांना पडता तो आकडा. मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, माणसं घेणाऱ्यांच्या खुर्चीत बसले आहे, त्यामुळे हा आकडा कसा फुगवतात ते मला पाठ आहे. त्यात कंपनी भरते तो पीएफ असतो, पाच वर्षं टिकलात तर मिळणारी ग्रॅच्युइटी असते, आणि सगळ्यात मोठी पळवाट म्हणजे 'व्हेरिएबल', जो कंपनीच्या आणि तुमच्या कामगिरीवर ठरतो आणि बहुतेक वेळा वर्षाअखेरीलाच दिसतो. समजा, १५ लाखांत दीड लाख व्हेरिएबल आहे आणि उरलेल्या साडेतेरा लाखांत मूळ पगार निम्मा आहे. कंपनीचा पीएफ ८१ हजार, ग्रॅच्युइटी साडेबत्तीस हजारांच्या आसपास, हे वजा करा. उरलेल्यातून दरमहा तुमचा स्वतःचा पीएफ पावणेसात हजार आणि व्यवसाय कर २०० रुपये गेले की हातात ९६ हजार येतात. पंधराला बाराने भागून जो सव्वा लाख तुमच्या डोक्यात बसलाय, तो कधीच येणार नाही.

आता इथे एक गंमत आहे, आणि ती माहीत असल्याशिवाय पगाराची घासाघीस करू नका. सध्याच्या नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर लागत नाही. वरच्या फोडीत व्हेरिएबल सोडून तुम्ही त्या रेषेच्या आत राहता, म्हणून कर शून्य. वर्षअखेरीला पूर्ण दीड लाख व्हेरिएबल मिळाला की तुम्ही रेषा ओलांडता आणि ८० हजारांच्या घरात कर बसतो. म्हणजे दीड लाखातले हातात येणार ७० हजार. त्यामुळे 'व्हेरिएबल नको, सगळे पंधरा फिक्स द्या' असा आग्रह धरलात आणि कंपनीने तो मान्य केला, तरी महिन्याला हातात येणारी रक्कम साधारण एक लाखावरच थांबते. खात्रीचा पैसा हवा म्हणून मागायला हरकत नाही, पण त्याने आयुष्य बदलेल असं समजू नका. आणि घरभाड्याची पावती दाखवून कर वाचतो हे जुन्या प्रणालीतलं. नव्यात ती सूट नाही.

तेव्हा एचआरला आजच मेल टाका: पगाराची महिन्याची फोड पाठवा, गेल्या दोन वर्षांत या पदावर व्हेरिएबल सरासरी किती टक्के दिला तेही कळवा, आणि आठवड्यात किती दिवस ऑफिसला यावं लागेल ते लेखी द्या. शेवटचा प्रश्न सगळ्यात महागाचा आहे, कारण घर कुठे घ्यायचं ते त्यावर ठरतं.

भाड्यांकडे येऊ. २० ते ६० हजार हा पसारा तुम्हाला दिसतोय, कारण तुम्ही 'बंगळूर' किंवा 'व्हाइटफील्ड' असं टाकून शोधताय. व्हाइटफील्ड म्हणजे आता एखादं उपनगर राहिलेलं नाही. कडुगोडीपासून हुडीपर्यंत, तिकडे वरथूरपर्यंत सगळ्यालाच जाहिरातवाले व्हाइटफील्ड म्हणतात. तुमच्या ऑफिसचा नेमका पत्ता घ्या. आयटीपीएल या आयटी पार्कच्या बाजूला आहे, ईपीआयपी या औद्योगिक वसाहतीत आहे, की मेट्रोपासून लांब आत कुठेतरी? मग नकाशाच्या ॲपमध्ये घराची जागा आणि ऑफिस टाकून 'आत्ता' लागणारा वेळ बघू नका, निघण्याची वेळ मंगळवार सकाळी नऊ अशी टाकून बघा. रविवारी दुपारी पंधरा मिनिटांचा दिसणारा रस्ता तिथे तासाभराचा होतो. बंगळूरमध्ये भाड्याचा दर चौरस फुटावर ठरतो असं वरवर वाटतं. माणसं प्रत्यक्षात पैसे मोजतात ते या वाचलेल्या वेळाचे.

तुमच्यासाठी चांगली बातमी म्हणजे जांभळी मेट्रो. चल्लघट्टा ते व्हाइटफील्ड (कडुगोडी) हा ४३ किलोमीटरचा पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२३ पासून एकसंध सुरू आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाडी वाढली, सर्वांत लांबच्या प्रवासाचं भाडं तेव्हा ९० रुपये झालं, तरी वेळेचा भरवसा त्याच्याइतका दुसऱ्या कशातच नाही. ऑफिस एखाद्या स्टेशनपासून चालत जाण्याजोगं असेल तर ऑफिसजवळचं महागडं घर शोधण्याची गरजच पडत नाही. त्याच मार्गावर हुडी, के. आर. पुरम, बैयप्पनहळ्ळी अशी मागे मागे सरकत घरं बघा. उलट ऑफिस मेट्रोपासून तीन-चार किलोमीटर आत असेल तर हा सगळा हिशोब मोडतो.

दोन बेडरूमच्या घराला या पट्ट्यात मोठ्या गेटबंद सोसायटीत साधारण ३० ते ४५ हजार, आणि एखाद्या मालकाच्या तीन-चार मजली स्वतंत्र इमारतीत २२ ते ३० हजार, असं धरून चाला. जाहिरातीतलं भाडं आणि हातातून जाणारं भाडं यांत मेंटेनन्सचा फरक असतो. तीन ते पाच हजार वेगळे द्यावे लागतात, ते आधी विचारा. नोब्रोकर, हाउसिंग, मॅजिकब्रिक्स या घरं शोधायच्या संकेतस्थळांवर मालक सांगतात ती किंमत असते, ठरते ती नव्हे. एकाच इमारतीतल्या तीन-चार जाहिराती शोधा आणि त्यातली महिनाभर तशीच पडून असलेली कोणती ते बघा. तिच्यातला आकडा त्या इमारतीत कुणी देत नाही, एवढं नक्की कळतं.

डिपॉझिट ऐकून तुमच्या वडिलांना धक्का बसेल. बंगळूरमध्ये वर्षानुवर्षं दहा महिन्यांचं भाडं अनामत म्हणून घ्यायची रीत होती. आता बऱ्याच ठिकाणी पाच-सहा महिन्यांवर आलंय, पण दहा मागणारे मालक अजूनही आहेत. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे, आणि दलालासमोर त्याचा उल्लेख केलात तर तो तुमच्याकडे दयेने बघेल. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं अनामतीतून कापून घ्यायचीही तिकडे पद्धत आहे, घर वर्षभर वापरलंय की पाच वर्षं याचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. म्हणून करारात चार गोष्टी आकड्यांसकट लिहून घ्या: अनामत किती आणि घर सोडल्यावर किती दिवसांत परत, रंगाचे किती कापणार, दोन्ही बाजूंना नोटीस किती, आणि अकरा महिन्यांनंतर भाडं किती टक्क्यांनी वाढणार. दलाल असेल तर त्याला सहसा एक महिन्याचं भाडं जातं. आणि 'मी सैन्यात आहे, बदलीवर आहे, टोकन पाठवा म्हणजे घर तुमच्या नावाने धरून ठेवतो' असा फोन आला की ठेवून द्या. न बघितलेल्या घरासाठी एक रुपयाही पाठवायचा नाही.

घर बघताना पहिला प्रश्न पाण्याचा विचारा, खोल्यांचा नंतर. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनची वाट बघण्यात कोल्हापूरकरांची एक पिढी गेली, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. पण पंचगंगेकाठच्या माणसाला बोअर आटणं म्हणजे काय ते माहीत नसतं. बंगळूरचा पूर्वेकडचा हा भाग वाढला तो बहुतांशी बोअर आणि टँकरवर. २०२४ च्या मार्चमध्ये पाण्याची अशी ओढ लागली, की जिल्हा प्रशासनाला टँकरचे दर ठरवून द्यावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कावेरी पाणीयोजनेच्या पाचव्या टप्प्याचं पाणी बाहेरच्या भागांसाठी सुरू झालं, पण भागात पाणी आलं म्हणजे त्या इमारतीने जोडणी घेतली असं होत नाही. मालकाला विचारलंत तर तो 'चोवीस तास पाणी' म्हणेल, आणि ते खोटंही नसेल. विचारायचं असं की कावेरीची जोडणी आहे का, बोअर किती आहेत, एप्रिल-मे महिन्यात रोज किती टँकर येतात, आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये आहे की वेगळा वाटून घेतात. हेच प्रश्न खाली वॉचमनलाही विचारा. दोन्ही उत्तरं जुळली तर घर वर जाऊन बघा.

आता महिना मांडू. हातात ९६ हजार. भाडं ३२ आणि मेंटेनन्स ४, म्हणजे ३६ हजार. मुलीची शाळा: त्या भागातल्या सीबीएसई शाळांची वर्षाची फी लाखाच्या पुढेच सुरू होते, बससकट महिन्याला १२ हजार धरा. किराणा, दूध, भाजी, अधूनमधून बाहेरचं जेवण १६. वीज, गॅस, इंटरनेट ३. धुण्याभांड्याला बाई ३. तुमचं जाणं-येणं ३. गणपती, दिवाळी, मे महिना, शिवाय मध्येच कुणाचं लग्न किंवा वडिलांची तब्येत, अशा गावच्या फेऱ्या वर्षाला ६० हजार, म्हणजे महिन्याला ५. बेरीज ७८ हजार. शिल्लक १८ हजार. आज कोल्हापुरात तुमची शिल्लक आहे ३५.

पीएफमध्ये आजच्यापेक्षा जवळपास दुप्पट रक्कम साठेल, हे खरं, आणि ते विसरू नका. पण ते पैसे आता वापरायचे नाहीत. शिवाय सुरुवातीलाच एकदम बाहेर जाणारे पैसे आहेत: पाच महिन्यांची अनामत १ लाख ६० हजार, दलाली ३२ हजार, सामानाचा ट्रक, शाळेचं प्रवेशशुल्क, पडदे, गॅसची शेगडी आणि तिथे गेल्यावरच आठवणाऱ्या वस्तू. तीन लाख रुपये बाजूला काढून ठेवल्याशिवाय बिऱ्हाड हलवू नका, आणि ते भिशीतून उचलून नव्हे.

हे सगळे माझे अंदाज आहेत. तुम्ही तुमचे आकडे टाका. बायकोने टाकलेले आकडे वेगळे आले तर तिचे धरा, किराण्याचं तिला जास्त कळतं.

आता या हिशोबाची खरी किल्ली कुठे आहे बघा. व्हाइटफील्डच्या पट्ट्यात एखाद्या खासगी शाळेत तुमच्या बायकोला ३० हजारांची नोकरी लागली, तर शिल्लक १८ वरून ४८ वर जाते. बऱ्याच खासगी शाळा शिक्षकांच्या मुलांना फीमध्ये सवलत देतात. तीही मिळाली तर पन्नाशी ओलांडते. कंपनीशी भांडून पगार वाढवून घेण्यापेक्षा हे मोठं आहे. म्हणजे तुम्ही संशोधन करायचंय ते एका नोकरीचं नाही, दोन नोकऱ्यांचं. तुमच्या पत्रात तुम्ही सासऱ्यांचं मत लिहिलंय, आईचं गप्प बसणंसुद्धा लिहिलंय. बायको काय म्हणते ते मला सापडलं नाही.

तिच्यासाठी काय बघायचं ते सांगते. सरकारी शाळेसाठी कन्नड आणि तिथली पात्रता परीक्षा लागेल, तो रस्ता सध्या सोडून द्या. खासगी सीबीएसई आणि आयसीएसई शाळा साधारण डिसेंबर ते एप्रिल या काळात पुढच्या वर्षाची भरती करतात. आत्ता जानेवारी आहे, म्हणजे वेळ अगदी बरोबर आहे. तिने पंधरा-वीस शाळांच्या संकेतस्थळांवरून थेट अर्ज पाठवावेत. डी.एड. चालतं की बी.एड.च हवं, हे शाळेगणिक बदलतं, ते फोन करून विचारावं. ऑनलाइन मुलाखत घेणाऱ्या शाळाही आहेत. पंधरा दिवसांत नोकरी नाही लागणार, पण अर्जांना उत्तरं येतात की नाही एवढं कळेल, आणि तुमच्या निर्णयाला तेवढं पुरेसं आहे.

मुलीच्या शाळेबद्दल दोनच गोष्टी. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने शाळांमध्ये कन्नड शिकवणं बंधनकारक आहे, तेव्हा तिसरीत तिला नवी लिपी शिकावी लागेल. या वयात मुलं ते उचलतात, रडारड होते ती आईबापांची. आणि राज्याबाहेर जाताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षण विभागाची प्रतिस्वाक्षरी मागतात. ती निघण्याआधी घेतली तर एक खेप वाचते.

कंपनीची चौकशी तुम्ही कशी केलीत ते पत्रात नाही, म्हणून सांगते. कर्मचाऱ्यांनी लिहिलेली परीक्षणं वाचाच, पण फक्त गेल्या वर्षभरातली, आणि पाच तारेवाली सोडून. भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधायची सोय आहे. तिथे कंपनीचं नाव टाकलं की दरमहा पीएफ भरला जातो का आणि किती माणसांचा भरला जातो ते दिसतं. दोनशेची दीडशे माणसं झाली असतील तर मुलाखतीत कितीही गोड बोलले तरी विचार करा. पगार वेळेवर होतो का, याचा यापेक्षा चांगला फुकटचा पुरावा मला माहीत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती कधी नोंदवली गेली आणि वार्षिक विवरणपत्रं भरते का तेही कळतं. मग लिंक्डइनवर तिथून सोडून गेलेली, तुमच्याच कामाची दोन-तीन माणसं शोधून सरळ संदेश पाठवा. 'कंपनी कशी आहे' असं विचारू नका, त्याला कुणी उत्तर देत नाही. 'व्हेरिएबल खरंच मिळतो का आणि नोटीस काळात त्रास देतात का' असं विचारा. ऑफर लेटरमध्ये बाँड आहे का, जॉइनिंग बोनस किंवा स्थलांतराचा खर्च वर्षाच्या आत सोडल्यास परत द्यावा लागतो का, ही ओळ शोधा. ती बहुधा शेवटच्या पानावर असते.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा: ही नोकरी सहा महिन्यांत गेली तर? इथे बंगळूरची बाजू भक्कम आहे, आणि मला वाटतं तुमच्या निर्णयातलं खरं वजन इथे आहे. शिरोलीत, गोकुळ शिरगावात तुमच्या कामाला पर्याय आहेत, पण फाउंड्री आणि मशिनिंगभोवती फिरणारे. तिकडे व्हाइटफील्डमध्येच मर्सिडीज-बेंझ आणि जीईची संशोधन केंद्रं आहेत, शहरात बॉश आहे, हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि तिच्याभोवतीचं विमानउद्योगाचं जाळं आहे. चौतिसाव्या वर्षी डिझाइनच्या माणसाने तिकडे तीन वर्षं काढली तर पुढची उडी पगाराच्या दुप्पटीपेक्षा मोठी असू शकते. हे रुपयांत मांडता येत नाही, म्हणून मी ते वरच्या हिशोबात घातलं नाही. पण जॉब साइटवर तुमच्याच कौशल्याच्या, तुमच्याच अनुभवाच्या बंगळूरमधल्या जागा मोजून बघा, आणि लगेच त्याच शब्दांनी पुण्यातल्याही मोजा. चाकण आणि हिंजवडी धरून पुण्यात हेच काम बारा-तेरा लाखांत मिळत असेल, तर भाषा तीच, अनामत दोन-तीन महिन्यांची, आणि शनिवारी सकाळी निघून दुपारच्या जेवणाला आईसमोर. हातात एक ऑफर असताना दुसरी मिळवणं सोपं जातं, हे मात्र एचआरवाले तुम्हाला सांगणार नाहीत.

जाऊन बघितल्याशिवाय होकार देऊ नका, दोघांनी मिळून जा. दोन कामाचे दिवस धरून जा. शनिवार-रविवारचं बंगळूर हे वेगळंच शहर आहे. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे, रात्रभराचा प्रवास. बसही आहेत, पण सीमेवर काही पेटलं की दोन्हीकडच्या सरकारी बस थांबतात, फेब्रुवारी २०२५ मध्ये काही दिवस तसं झालंच होतं, म्हणून रेल्वेची सवय असू द्या. ऑफिसच्या वेळेला मेट्रोने ऑफिसपर्यंत जा आणि संध्याकाळी सहाला परत या. घरं चार-पाचच बघा. बायकोला एक-दोन शाळांत प्रत्यक्ष बायोडेटा देऊन येऊ दे. भाजीवाल्याकडे, मेडिकलवाल्याकडे थोडं थांबा. हिंदी-इंग्रजीवर तिथे भागतं, पण चार वाक्यं कन्नडमध्ये बोलायला शिकून गेलात तर घरमालकाशी बोलणं सोपं होतं, आणि कोल्हापूरच्या माणसाच्या कानाला ती भाषा अगदीच परकी नाही.

तुमचा नोटीस काळ दोन महिन्यांचा असेल तर तुम्ही मार्चअखेर मोकळे होता. माझं मत विचारलंत तर एप्रिलमध्ये एकटे जा. बायकोची नोकरी आणि मुलीची दुसरी इथे पुरी होऊ द्या. पीजीमध्ये जेवणासकट १२ ते १८ हजारांत भागेल, एकट्याची खोली हवी असेल तर वरच्या टोकाला. गंमत म्हणजे तुमच्या सगळ्या स्थलांतरातला सर्वांत स्वस्त काळ हाच आहे: इकडे २२ हजार चालू, तिकडे ९६, आणि अजून भाडं नाही, अनामत नाही. दोन-तीन महिन्यांत अनामतीचे पैसे उभे राहतात, आणि तेवढ्यात घर कुठल्या गल्लीत घ्यायचं तेही तुम्हाला कळतं. जूनपर्यंत बायकोच्या नोकरीचं काही ठरलं तर बिऱ्हाड हलवा. मात्र ही 'तात्पुरती' सोय तीन-तीन वर्षं लांबलेली मी पाहिली आहे, आणि मग मुलीच्या प्रगतिपुस्तकावर सही आजोबांची असते. जूनमध्ये न्यायचं जमलं नाही तर पुढची तारीख दोघांनी त्याच वेळी ठरवा.

गाडीबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण असेल तर एमएच-०९ ची गाडी वडिलांकडेच राहू द्या. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीची तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि कर्नाटकात आजीवन रस्ता कर नव्या मोटारीला १३ टक्क्यांपासून सुरू होतो. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी, तरी बोचतोच. मेट्रोजवळ राहिलात तर गाडी सोसायटीत धूळ खाणार. पीएफचं खातं नव्या कंपनीत त्याच यूएएनवर (पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक) वर्ग करा, काढून खाऊ नका. आधारवरचा पत्ता तिथे गेल्यावर बदलून घ्या, कारण २०० युनिटपर्यंत मोफत विजेची कर्नाटक सरकारची योजना भाडेकरूंनाही मिळते आणि साध्या सरकारी बसमधला बायकांचा मोफत प्रवास तिथला पत्ता असलेल्यांसाठीच आहे.

पंधरा दिवसांची मुदत तशी दगडावरची रेघ नसते. एवढा खर्च करून निवडलेला उमेदवार आठ दिवसांसाठी कुणी सोडत नाही. मेलमध्ये लिहा: 'ऑफरमध्ये मला रस आहे, कुटुंबासह स्थलांतर असल्याने शहर प्रत्यक्ष बघून या तारखेपर्यंत निश्चित कळवतो.' त्याच मेलमध्ये सामान हलवण्याचा खर्च आणि पहिले पंधरा दिवस राहण्याची सोय मागा. पगाराचा आकडा वाढवायला त्यांना वरची परवानगी लागते, याला बहुधा लागत नाही. आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळतंय का तेही आत्ताच विचारा, रुजू झाल्यावर ते मागणं अवघड जातं. मुदत वाढवून द्यायला साफ नकार आला तर तो नकार जपून ठेवा, त्या कंपनीबद्दलच्या तुमच्या चौकशीत तोही धरायचा आहे.